लहान मुलांचा सर्दी-खोकला : श्वास मोजायला शिका



गळीत हंगाम ऐन भरात आला आहे. शिवारात टोळ्या उतरल्या आहेत, रात्रंदिवस गाड्यांची वर्दळ चालू आहे, आणि आपली तोड कधी येते याच विवंचनेत आपण सारे आहोत. याच दिवसांत वस्तीवस्तीवरून आणखी एक आवाज ऐकू येतो, तो म्हणजे लहान पोरांच्या खोकल्याचा. या पानावर आपण नेहमी खताचे हप्ते, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा असे विषय वाचता. आज जरा वेगळा विषय मांडतो आहे. मी आरोग्य खात्यात तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. आता आपल्यासारखाच अडीच एकर उसाचा सभासद आहे. तेव्हा हे लिहिणे कोणा मोठ्या डॉक्टराचे नव्हे, घरच्या माणसाचे समजून वाचावे.

सर्दी होते कशामुळे?

आपल्याकडे पोराला सर्दी झाली की पहिला दोष केळ्याला, दुसरा दह्याला आणि तिसरा आंघोळीच्या पाण्याला. खरे पाहता सर्दी-खोकल्याचे मूळ कारण विषाणू हे आहे. विषाणू म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकातूनही न दिसणारा, अतिशय बारीक रोगकारक. सर्दी आणणारे असे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे आहेत. त्यातल्या एकाशी शरीराने झुंज दिली तरी दुसरा वाट पाहत असतोच. म्हणून पहिल्या दोन-तीन वर्षांत धडधाकट मुलालासुद्धा वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होते. त्यात मुलाची प्रकृती नाजूक आहे किंवा आईचे दूध 'बाधते' असे काही नसते. पावसाळ्यात आणि थंडीत दारे-खिडक्या लावून सगळे एका खोलीत बसतो, त्यामुळे एकाचे दुसऱ्याला लवकर लागते.

सर्दी-पडशाच्या विषाणूंपैकी बहुतेक सौम्य असतात. तान्ह्या बाळाच्या दृष्टीने मात्र एक विषाणू ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्याचे नाव रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, थोडक्यात आरएसव्ही. १९५६ साली अमेरिकेत प्रयोगशाळेतल्या चिंपांझी माकडांना सर्दी झाली, तेव्हा तो प्रथम सापडला. पुढच्याच वर्षी तो आजारी बाळांतही मिळाला. हा विषाणू शिरला की शेजारशेजारच्या पेशी एकमेकींत मिसळून त्यांचा एकच गोळा होतो, त्यावरून हे अवघड नाव पडले. दोन वर्षांचे होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतो. मोठ्या माणसाला त्याच्यामुळे नुसते नाक गळण्यापलीकडे फारसे काही होत नाही. खरी गोम इथेच आहे. आजोबांना वाटते, आपल्याला साधे पडसे आहे. ते नातवाला मांडीवर घेतात, मुका घेतात, आणि तेच पडसे तीन महिन्यांच्या बाळाच्या छातीत उतरते.

फ्लूचा विषाणूही असाच आहे. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूने केवढी घबराट उडवली होती आणि २०२० साली कोरोनाने काय केले, हे आपण विसरलेलो नाही. विषाणूंचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आपल्या पुण्यातच आहे. १९५२ पासून तिथे हे काम चालू आहे. पण घरातल्या माणसाला विषाणूचे नाव माहीत असण्याची गरज नाही. आजार नाकात आहे की छातीत उतरला, एवढे ओळखता आले म्हणजे पुरे.

छातीत उतरतो म्हणजे काय होते?

आपल्यापैकी अनेकांनी ठिबक केले आहे. मेन लाइनमध्ये थोडी माती आली तरी पाणी चालते. तीच माती ड्रिपरपाशी गेली की थेंब बंद. छातीचे तसेच आहे. घशातून निघालेली मोठी श्वासनळी फुटत फुटत जाते आणि शेवटी एक मिलिमीटरहूनही बारीक नळ्या होतात. विषाणू या बारीक नळ्यांच्या आतल्या अस्तरावर वाढतो. अस्तर सुजते, मेलेल्या पेशी गळून पडतात, त्यात चिकट शेंबूड मिसळतो आणि नळी चोंदते.

पाइपलाइन केलेल्या शेतकऱ्याला सांगायला नको की पाइप थोडा लहान घेतला की पाणी किती कमी येते. बारीक नळीचा हिशेब असा आहे, की आतला व्यास निम्मा झाला तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. मोठ्या माणसाच्या नळीला थोडी सूज आली तर त्याला कळतही नाही. बाळाची नळी मुळातच बारीक, तेवढ्याच सुजेने ती जवळपास बंद पडते. हवा आत जाते पण सुखाने बाहेर येत नाही, छातीतून शिट्टीसारखा सूं-सूं आवाज येतो. कमी हवेची भरपाई करायला बाळ भराभर श्वास घेऊ लागते. म्हणजे पंपावर लोड येतो. आणि लोड फार वेळ राहिला की मोटार जळते. बाळही तसेच दमते. दमलेले बाळ रडत नाही, दूध ओढत नाही, गप्प पडून राहते. घरातली माणसे म्हणतात, "आता लई झोपतंय, बरं वाटतंय जणू." ते बरे वाटणे नव्हे, तो शेवटचा इशारा असतो.

हा आजार पहिल्या दिवशी नाक गळण्याने सुरू होतो आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त असतो. म्हणून पहिल्या दिवशी डॉक्टराने "काही नाही" म्हटले असले तरी चौथ्या दिवशी पुन्हा पाहावे लागते. पुढे खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. मूल खेळत असेल, खात असेल, तर त्या रेंगाळणाऱ्या खोकल्याची धास्ती घेऊ नये.

इंजेक्शन का देत नाहीत?

दवाखान्यात गेल्यावर सुई टोचली नाही, तर आपल्याला पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. एका आजोबांनी माझ्याजवळ तक्रार केली होती, "तीन दिवस नातवाच्या नाकाला नुसती नळी लावून ठेवली, औषध म्हणून कसलं न्हाई." त्यांना मी विचारले, "तात्या, उसावर मोझॅक पडला तर तुम्ही बुरशीनाशक फवारता का?" ते म्हणाले, "फवारून काय उपेग? तो व्हायरस हाय." बस, तेच उत्तर इथे आहे. अँटिबायोटिक हे जिवाणूंवरचे औषध आहे. विषाणूवर ते चालत नाही. उगाच दिले तर जुलाब लागतात, आणि पुढे खरी गरज पडेल तेव्हा जिवाणू त्याला दाद देत नाहीत. आरएसव्हीवर घरी देण्याजोगे औषध नाही. नळीतून दिलेला ऑक्सिजन आणि पोटात जाईल एवढे दूध-पाणी, यावर बाळाला चार दिवस तगवायचे, तोवर शरीर स्वतःच विषाणूला हटवते. तात्यांच्या नातवाला त्या नळीनेच वाचवले.

मात्र एक गोष्ट आहे. खोडकिडीने पोखरलेल्या उसात जशी कूज सहज शिरते, तसे विषाणूने खराब केलेल्या छातीत मागाहून जिवाणू शिरू शकतात. त्याला न्यूमोनिया म्हणतात, आणि तो नुसत्या विषाणूनेही होतो. जिवाणूच्या न्यूमोनियाला अँटिबायोटिक वेळेवर मिळालेच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१९ या एका वर्षात जगात पाच वर्षांखालची ७ लाख ४० हजार मुले न्यूमोनियाने दगावली. औषध द्यायचे की नाही हे तपासून ठरवायचे काम डॉक्टरांचे. आपले काम वेळेत ओळखून नेण्याचे.

श्वास कसा मोजावा?

ओळखायला यंत्र लागत नाही, शिक्षणही लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ सालापासून खेड्यातल्या कार्यकर्त्यांना आणि दाईंना श्वास मोजायला शिकवले. ज्या बायांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांची पाटी केली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. या माणसांनी गावातच न्यूमोनिया ओळखला, गावातच औषध दिले. शेजारच्या ज्या गावांत ही सोय नव्हती त्यांच्या तुलनेत न्यूमोनियाचे बालमृत्यू निम्म्याहून कमी राहिले. १९९० साली लॅन्सेट या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात हे छापून आले. अंगठेबहाद्दर दाईला जे जमले ते आपल्याला का जमू नये?

रीत अशी. बाळ शांत असताना, शक्यतो झोपलेले किंवा आईच्या मांडीवर असताना मोजावे. रडताना किंवा पिताना मोजू नये. अंगावरचा कपडा छाती-पोट दिसेल इतका वर करावा. घड्याळ किंवा मोबाईलमधला सेकंदकाटा लावून पूर्ण एक मिनिट मोजावे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण लहान बाळाचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच वेग घेतो. छाती किंवा पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास झाला.

श्वास जलद आहे असे केव्हा समजावे?

दोन महिन्यांपर्यंतचे बाळ : मिनिटाला ६० किंवा जास्त
दोन महिने ते एक वर्ष : मिनिटाला ५० किंवा जास्त
एक वर्ष ते पाच वर्षे : मिनिटाला ४० किंवा जास्त

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे एकदा साठाच्या वर आले तर पुन्हा एकदा मोजून खात्री करावी. पुन्हा तेवढेच आले तर थांबू नये. एवढ्या लहान बाळाला ताप नसतानाही छातीचा आजार असू शकतो. कधी कधी श्वास मध्येच काही सेकंद बंद पडणे हेच पहिले लक्षण असते.

दुसरी खूण छातीची. निरोगी बाळ श्वास आत घेते तेव्हा छाती आणि पोट दोन्ही वर येतात. आजार वाढला की श्वास आत घेताना फासळ्यांखालचा भाग आत ओढला जातो, पोट मात्र वर उडते. आपल्या बाया 'पोट उडतंय' म्हणतात ते हेच.

श्वास जलद असेल तर त्याच दिवशी दवाखाना. आणि पुढीलपैकी एक जरी खूण दिसली, तरी रात्र असो की पहाट, तडक रुग्णालय :

छाती आत ओढली जाते. बाळ दूध पीत नाही किंवा घेतलेले सारे ओकते. झटके येतात. हाक मारली, हलवले तरी नीट जागे होत नाही. ओठ, जीभ निळसर दिसते. शांत असतानाही श्वास घेताना घशातून घर्रर्र आवाज येतो. श्वास मध्येच थांबतो. दोन महिन्यांच्या आतले बाळ तापले आहे किंवा अंग गार पडले आहे.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे. गावातल्या आशा ताईंना श्वास मोजण्याचे शिक्षण दिलेले असते, त्यांना हाक मारावी. खुणा दिसत असताना मात्र आशा ताई घरी नाहीत म्हणून वाट पाहत बसू नये.

घरी काय करावे, काय करू नये

वरील खुणा नसतील तर घरी सांभाळायला हरकत नाही. बाळाला अंगावर वरचेवर पाजावे, एका वेळी थोडे थोडे. नाक चोंदले की तान्ह्याला पिताच येत नाही, म्हणून पाजण्याआधी दवाखान्यातून मिळणाऱ्या मिठाच्या पाण्याचे दोन थेंब नाकात टाकून नाक मऊ फडक्याने पुसावे. मोठ्या मुलाला कोमट पाणी, वरण, पेज द्यावी. जेवण तोडू नये. ताप जास्त असेल तर पॅरासिटामॉल द्यावे, पण वजनाप्रमाणे मात्रा विचारूनच. लहान मुलाला अॅस्पिरिन मुळीच देऊ नये. वर्षाच्या पुढच्या मुलाला खोकल्यावर अर्धा चमचा मध चालतो. वर्षाच्या आत मध चाटवू नये, त्यातून जिवावर बेतणारा दुसरा विकार होऊ शकतो.

नाकात तेल सोडू नये. ते फुप्फुसात उतरते आणि तिथेच राहते. पोटावर बिब्बा घालणे, डाग देणे हे तर बंदच झाले पाहिजे. आजार छातीत असतो, जळते कातडी, आणि त्यात जाणारा वेळ बाळाचा जीव घेतो. ओव्याची धुरी देऊ नये, उकळत्या पाण्यावर बाळाला धरू नये.

थोरल्या पोराची उरलेली बाटली धाकट्याला पाजण्याची सवय घराघरात आहे. खोकल्याच्या औषधाने लहान मुलाला गुण तर येत नाहीच, उलट गुंगी येते. गांबिया देशात २०२२ साली भेसळीचे सिरप पिऊन साठाहून अधिक मुले दगावली, आणि ते सिरप आपल्याच देशात बनले होते. सर्दीच्या सिरपमध्ये नेहमी असणाऱ्या दोन औषधांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश २०२३ साली केंद्राच्या औषध नियंत्रकांनी काढला. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबही नको.

आधीच काय करता येईल?

पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध. लसीकरणाच्या कार्डावरची एकही तारीख चुकवू नये. न्यूमोनियाच्या जिवाणूवरची न्यूमोकोकल लस सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने अशी तीनदा सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पंचगुणी लशीत हिब नावाच्या दुसऱ्या जिवाणूचा बंदोबस्त आहे, आणि गोवरानंतर होणारा न्यूमोनिया गोवराच्या लशीने टळतो. विषाणूने वाट करून दिली तरी मागून कोणी शिरू नये, म्हणून ही राखण.

ज्याला सर्दी आहे त्याने बाळापासून लांब राहावे, मग तो घरचा कर्ता का असेना. बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवावेत. बारशाला येणाऱ्या पाव्हण्यांनी बाळ लांबूनच पाहावे, कोणी रुसणार नाही. अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे किंवा हृदयाचा दोष असलेले बाळ घरात असेल तर दुप्पट काळजी घ्यावी.

आणि धूर. चुलीचा, विडीचा आणि पाचटाचा. पाचट जाळू नका, सरीत कुजवा, हे शेती खाते जमिनीच्या कसासाठी सांगत आले आहे. मी त्यात एकच जोडतो. त्या धुराने पोरांच्या छातीचे अस्तर आधीच खराब होते, आणि मग विषाणूला आयते रान मिळते.

कोपीतले मूल

शेवटी एक गोष्ट सांगायची आहे. ती लिहावी की नाही याचा बरेच दिवस विचार करत होतो.

दोन हंगामांपूर्वी माझ्या शेतात तोड चालू होती. टोळीतल्या एका जोडप्याचे चार महिन्यांचे मूल बांधावर झोळीत होते. सकाळी आठच्या सुमारास त्याची आई मला म्हणाली, "मालक, पोरगं रातीपसनं दूध वढंना." मी लांबूनच म्हणालो, "सर्दीनं नाक चोंदलं असंल. गाडी भरून होऊ दे, मग बघू." गाडी दोन वाजता भरली. मग मी झोळीपाशी गेलो, कपडा वर केला आणि मोजले. मिनिटाला ७२. छाती आत जात होती. गाडी मागवून निघालो. रुग्णालयाचे फाटक दिसायच्या आत ते गेले.

तीस वर्षे मी गावोगावी लोकांना एक मिनिट श्वास मोजायला शिकवला. त्या सकाळी माझ्या स्वतःच्या बांधावर मला तो एक मिनिट काढता आला नाही. त्या दिवशीच्या खेपेची वजनाची पावती अजून माझ्याजवळ आहे.

म्हणून सभासद बंधूंना हात जोडून सांगणे आहे. आपल्या शेतात उतरलेली टोळी पहाटे अंधारात तोडीला लागते, मूल सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या हवाली असते, कोपीत रात्रभर थंडी आणि धूर. ती बाई परक्या मुलखात कोणाला विचारणार? मुकादम खाडा धरील या भीतीने ती दवाखान्याचे नावही काढत नाही. आपण उसाचे मालक आहोत, आपल्या शब्दाला वजन आहे. तोडीवर गेल्यावर फडाची पाहणी करतोच, तशी एक चक्कर कोपीकडे टाकावी. मूल खोकत असेल तर मिनिटभर थांबून मोजावे. गरज पडली तर आपल्या गाडीतून न्यावे, आणि त्या दिवसाचा खाडा धरू नये असे मुकादमाला बजावावे. चिटबॉयांनीही रोजच्या फेरीत एवढी चौकशी केली तर फार मोठे काम होईल.

गाडी दोन तास उशिरा गव्हाणीवर गेली तर उसाचे वजन थोडे घटेल. ते पुढच्या हंगामात भरून निघते.

वरचे तीन आकडे, साठ, पन्नास आणि चाळीस, एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावेत आणि घरातल्या प्रत्येकाकडून, विशेषतः आजी-आजोबांकडून, एकदा श्वास मोजून घ्यावा, ही सर्वांना नम्र विनंती.